‘सायक्लोन’ शब्दाचे जनक : हेन्री पिडिंग्टन

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दिल्लीचा चक्रीवादळांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडू शकेल. मे २०२१ मध्ये निसर्गानेच त्याचे उत्तर दिले. अरबी समुद्रात निर्माण झालेले ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनारपट्टीला तडाखा देत १७ मे रोजी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. जमिनीवर आल्यावर ते क्षीण झाले, तरी त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकत राहिले. २० मे रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत राजधानीत ११९.३ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मे महिन्यात दिल्लीत एका दिवसात एवढा पाऊस त्यापूर्वी कधीही नोंदला गेला नव्हता.

दिल्लीचा दुसरा संबंध अधिक जुना आणि अधिक जवळचा आहे. लोदी रस्त्यावरील मौसम भवनात भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय आहे. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र या दोन्ही समुद्रांतील चक्रीवादळांविषयीचे अधिकृत इशारे येथून दिले जातात आणि शेजारी राष्ट्रेही त्यांची दखल घेतात. या इशाऱ्यांच्या इंग्रजी मजकुरात वारंवार येणारा ‘सायक्लोन’ हा शब्द मात्र दिल्लीत अथवा लंडनमध्ये घडलेला नाही. तो कोलकात्यात घडला. जहाजावरची नोकरी सोडून त्या शहरात स्थायिक झालेले एक कप्तान, हेन्री पिडिंग्टन, यांनी तो जगाला दिला.

जहाजावरून संग्रहालयाकडे

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. तरुण वयातच ते व्यापारी जहाजांवर रुजू झाले आणि भारत व चीनच्या व्यापारी मार्गांवर कप्तानपदापर्यंत पोहोचले. पुढे समुद्र सोडून त्यांनी कोलकात्यात वास्तव्य केले. विद्यापीठाची पदवी गाठीशी नसली तरी त्यांची जिज्ञासा चौफेर होती. माती, खनिजे, वनस्पती, शेतीची पिके अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. एशियाटिक सोसायटीचे काम पाहिले आणि कोलकात्यातील आर्थिक भूविज्ञान संग्रहालयाची व्यवस्था सांभाळली. जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायालयाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. बुडालेल्या जहाजांच्या कहाण्या त्यामुळे त्यांच्या कानांवर सतत येत असत.

त्या काळात वादळांविषयीचे ज्ञान नुकतेच आकार घेत होते. अमेरिकेत १८२१ मध्ये आलेल्या एका प्रचंड वादळानंतर विल्यम रेडफिल्ड यांना एक विलक्षण गोष्ट आढळली होती. एका भागातील झाडे ज्या दिशेला पडली होती, त्याच्या नेमकी उलट दिशेला दुसऱ्या भागातील झाडे आडवी झाली होती. वारा सरळ रेषेत न वाहता गोलाकार फिरत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बार्बाडोस बेटावर १८३१ च्या वादळानंतर पुनर्बांधणीसाठी गेलेले अभियंते विल्यम रीड यांनी हाच विचार पुढे नेला आणि १८३८ मध्ये वादळांच्या नियमांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथाने पिडिंग्टन यांच्या आयुष्याला निर्णायक वळण दिले.

नोंदवह्यांतून उलगडलेले वादळ

जून १८३९ मध्ये बंगालच्या उपसागरात आलेल्या वादळाचा अभ्यास करून पिडिंग्टन यांनी आपला पहिला निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या वर्षांत असे वीसहून अधिक निबंध त्यांनी लिहिले. त्यांच्याकडे उपग्रह नव्हते, रडार नव्हते, तारायंत्राची सोयही नव्हती. त्यांचे मुख्य साधन होते जहाजांच्या दैनंदिन नोंदवह्या.

वादळातून वाचलेले जहाज बंदराला लागले की त्याची नोंदवही ते मिळवत. एखाद्या दिवशी, एखाद्या तासाला कोणते जहाज कोठे होते, वारा कोणत्या दिशेने वाहत होता, वायुभारमापकातील पारा किती उतरला होता, हे सारे ते नकाशावर मांडत. एका जहाजाची नोंद पाहिली तर केवळ सोसाट्याचा वारा दिसे. दहा जहाजांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की वाऱ्याचे वर्तुळ स्पष्ट होई आणि दुसऱ्या दिवशीच्या नोंदी मांडल्या की ते वर्तुळ कोणत्या दिशेने सरकले हेही कळे. ज्या खलाशांनी मृत्यूच्या छायेत त्या ओळी लिहिल्या, त्यांना स्वतःला हे चित्र कधीच दिसले नव्हते.

‘चार्ल्स हेडल’ नावाच्या जहाजाची नोंदवही त्यांच्या अभ्यासात विशेष महत्त्वाची ठरली. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसहून निघालेले हे जहाज वादळात सापडले. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याबरोबर जहाज पुढे जाऊ देणे हा त्या काळचा रूढ उपाय होता. कप्तानानेही तेच केले. परंतु वाराच गोल फिरत असल्याने जहाजही गोल फिरत राहिले. सुमारे पाच दिवसांत त्याने वादळाच्या केंद्राभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या. शेकडो मैलांचा प्रवास होऊनही ते निघाल्या ठिकाणापासून फारसे दूर गेलेले नव्हते. पिडिंग्टन यांनी या प्रवासाचा मार्ग नकाशावर रेखाटला. वारा गोलाकार फिरतो आणि त्याच वेळी संपूर्ण वादळही पुढे सरकत असते, या सिद्धांताचा तो बिनतोड पुरावा होता.

एका शब्दाचा जन्म

तोपर्यंत वादळासाठी अनेक शब्द प्रचलित होते. अटलांटिकमध्ये ‘हरिकेन’, चीनच्या समुद्रात ‘टायफून’, याखेरीज साध्या वादळी वाऱ्यांसाठीचे कितीतरी शब्द. त्यातील काही शब्द वाऱ्याचा जोर सांगत, काही प्रदेश सांगत. वारा सरळ आहे की वर्तुळाकार, हे मात्र कोणत्याही शब्दावरून कळत नसे. खलाशाच्या दृष्टीने तर तीच जीवनमरणाची बाब होती. म्हणून पिडिंग्टन यांनी सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ ही संज्ञा तयार केली. मराठीतील ‘चक्रीवादळ’ आणि हिंदीतील ‘चक्रवात’ हे शब्दही हाच आशय व्यक्त करतात. तृणावर्ताच्या कथेमुळे आपल्या परंपरेला फिरत्या वाऱ्याची ओळख पूर्वीपासून होतीच.

हा शब्द पुढे जगभर गेला आणि काही ठिकाणी त्याचा अर्थही बदलला. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात लोक टोर्नेडोलाही ‘सायक्लोन’ म्हणू लागले. वास्तविक ही दोन वेगळी संकटे आहेत. चक्रीवादळ उबदार समुद्रावर जन्म घेते, शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते. टोर्नेडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो, त्याचा पट्टा सहसा काही मीटर ते काही शे मीटर रुंदीचा असतो आणि बहुधा काही मिनिटांतच तो विरून जातो. दिल्लीकरांनी हे दुसरे संकटही पाहिले आहे. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत विद्यापीठ परिसराजवळ टोर्नेडो आला. अवघ्या काही मिनिटांत २८ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे ७०० जण जखमी झाले. पिडिंग्टन यांची कर्मभूमी असलेल्या बंगालच्या प्रदेशात तर उन्हाळ्यातील गडगडाटी वादळांतून असे टोर्नेडो अधूनमधून उद्भवतात. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० जणांचा बळी गेल्याचे मानले जाते. जगातील ज्ञात टोर्नेडोंपैकी तो सर्वाधिक प्राणघातक समजला जातो.

खलाशांची अंकलिपी

पिडिंग्टन यांचा प्रमुख ग्रंथ १८४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव त्यांनी मुद्दाम मुलांच्या पहिल्या पाटीवरून ठेवले होते. मराठीत सांगायचे तर ती खलाशांसाठी लिहिलेली अंकलिपी होती. ग्रंथाबरोबर दोन पारदर्शक तक्ते दिलेले असत, एक उत्तर गोलार्धासाठी आणि दुसरा दक्षिण गोलार्धासाठी. त्यांवर वर्तुळे आणि वाऱ्यांच्या दिशा दाखवणारे बाण होते. तक्ता नकाशावर आपल्या जहाजाच्या ठिकाणी ठेवायचा, वाहणाऱ्या वाऱ्याशी बाण जुळवायचा आणि वादळाचे केंद्र कोठे आहे ते पाहायचे, अशी ती सोपी पद्धत होती. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास केंद्र साधारणपणे उजव्या हाताला असते, हा नियम अल्पशिक्षित खलाशालाही लक्षात ठेवता येत असे. विद्वानांच्या सभेपेक्षा जहाजाच्या डेकवर आपले पुस्तक उपयोगी पडावे, ही त्यांची भूमिका होती.

ऐकला न गेलेला इशारा

वादळातील वाऱ्यापेक्षाही त्याबरोबर किनाऱ्यावर चढणारी समुद्राची लाट अधिक घातक असते, हे पिडिंग्टन यांनी ओळखले होते. आंध्र किनाऱ्यावरील कोरिंगा येथे डिसेंबर १७८९ मध्ये आलेल्या वादळाचा त्यांनी अभ्यास केला होता. एकापाठोपाठ आलेल्या तीन लाटांनी तो परिसर उद्ध्वस्त केला आणि सुमारे २०,००० माणसे दगावल्याचे सांगितले जाते.

हुगळी नदी गाळाने भरत असल्याने कोलकात्याचे बंदर बंद पडेल, अशी भीती १८५० च्या दशकात व्यापाऱ्यांना वाटू लागली होती. सुंदरबनातील मातला नदीच्या काठी नवे बंदर उभारण्याची कल्पना पुढे आली. पिडिंग्टन यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून पत्र लिहिले आणि ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्धही केले. निवडलेली जागा चक्रीवादळाच्या लाटेच्या मार्गात आहे आणि आज ना उद्या समुद्र तेथे वसवलेल्या शहरावर चालून येईल, असे त्यांनी त्यात बजावले. तरीही योजना पुढे नेण्यात आली.

पिडिंग्टन यांचे ७ ऑगस्ट १८५८ रोजी कोलकात्यात निधन झाले. त्यानंतर मातलाकाठी पोर्ट कॅनिंग उभे राहिले, रेल्वे पोहोचली, धक्के बांधले गेले. मुंबईतील १८६४-६५ च्या प्रसिद्ध शेअर सट्ट्यात या बंदराच्या कंपनीचे शेअरही गगनाला भिडले होते. नोव्हेंबर १८६७ च्या प्रारंभी चक्रीवादळ आले आणि त्याबरोबर समुद्राची लाट नव्या शहरात शिरली. ते वादळ फार मोठे नव्हते. परंतु बंदराची जी वाताहत झाली, त्यातून ते पुन्हा सावरले नाही. काही वर्षांतच बंदर सोडून देण्यात आले. आज कॅनिंग हे दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातील एक गाव आणि सुंदरबनचे प्रवेशद्वार म्हणून ओळखले जाते.

कोलकात्यापासून दिल्लीपर्यंत

दरम्यान, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी आलेल्या चक्रीवादळात कोलकाता आणि हुगळीच्या मुखाजवळचा प्रदेश उद्ध्वस्त झाला होता. सुमारे ६०,००० लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. त्यानंतर कोलकाता बंदरासाठी वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. विभागाचे मुख्यालय कोलकात्याहून १९०५ मध्ये सिमल्याला आणि १९२८ मध्ये पुण्याला आले. शिवाजीनगर येथील त्या इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ या नावानेच ओळखतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला हलवण्यात आले. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना २००४ पासून नावे देण्यात येऊ लागली आणि ती नावेही दिल्लीतूनच जाहीर होतात.

ओडिशात १९९९ मध्ये आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोकांचा बळी गेला. त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये ‘फायलिन’ धडकले तेव्हा लाखो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलवण्यात आले होते आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. अंदाज अधिक अचूक झाले होते, हे त्याचे एक कारण. इशारा मिळताच प्रशासन आणि गावकरी या दोघांनी त्यावर विश्वास ठेवून पावले उचलली, हे दुसरे.

पिडिंग्टन यांना आपल्या हयातीत पहिली गोष्ट बऱ्याच अंशी साध्य झाली, दुसरी झाली नाही. त्यांनी घडवलेला शब्द आज जगातील प्रत्येक हवामान कार्यालयात वापरला जातो. त्यांच्या पत्राची आठवण मात्र कॅनिंगसारख्या ठिकाणी अधिक तीव्रतेने होते. समुद्रकिनारी नवी बंदरे आणि नव्या वसाहती उभारताना ते पत्र पुन्हा वाचण्यासारखे आहे.