नापास रामानुजन आणि एक तेरा आकडी संख्या

रामानुजन म्हटलं की सगळ्यांना टॅक्सीचा नंबर १७२९ आठवतो. मला मात्र त्यांची दुसरीच एक संख्या जास्त आवडते : ६७,४६,३२,८३,८८,८००. म्हणजे जवळजवळ पावणेसात लाख कोटी. ही काही टॅक्सीवर मावायची नाही! पण रामानुजनना पहिली डिग्री मिळाली ती अशाच संख्यांमुळे.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, तामिळनाडूतल्या इरोडचा. बालपण कुंभकोणमला गेलं. शाळेत अतिशय हुशार, पण कॉलेजात गेल्यावर गणितापुढे दुसरं काही सुचेना. बाकीचे विषय तसेच राहिले आणि स्कॉलरशिप गेली. मग मद्रासच्या पचयप्पा कॉलेजात नाव घातलं. तिथेही एफ. ए. ला नापास. आपल्याला निदान केटी तरी असते! डिग्री नाही म्हणून धड नोकरी नाही. शेवटी १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना सूत्रांनी भरलेलं पत्र पाठवलं आणि एप्रिल १९१४ मध्ये ते इंग्लंडला पोचले.

चार महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. रामानुजन कट्टर शाकाहारी, खोलीवर स्वतः रांधून खायचे. (मेसला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) अशात १९१५ मध्ये त्यांचा मोठा पेपर छापून आला.

विषय ऐकायला अगदी साधा. १२ ला ६ विभाजक आहेत, ६० ला १२. ६० च्या आतल्या कुठल्याच संख्येला इतके विभाजक नाहीत. आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून जिला जास्त विभाजक, तिला आपण अतिसंयुक्त म्हणू. मूळ संख्यांकडे सगळेच बघतात, रामानुजननी बरोबर उलट्या टोकाला पाहिलं.

विभाजक मोजायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक घातांकात १ मिळवायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. आपली तेरा आकडी संख्या म्हणजे २⁶×३⁴×५²×७²×११×१३×१७×१९×२३. म्हणून ७×५×३×३×२×२×२×२×२, एकूण १०,०८० विभाजक! मधली एकही मूळ संख्या गाळलेली नाही आणि घातांक उतरत जातात. समजा मोठ्या मूळ संख्येचा घातांक लहानीपेक्षा जास्त असेल, तर दोन्ही घातांकांची अदलाबदल करा. विभाजक तेवढेच राहतात, संख्या मात्र लहान होते. मग पहिली संख्या आपोआप बाद.

पण एवढ्यावर यादी तयार होत नाही. पुढची संख्या कोणती, हे एकेक तपासूनच ठरवावं लागत होतं. रामानुजननी अशा शंभरावर संख्या हाताने काढल्या, कॅल्क्युलेटरशिवाय. त्यात एक सुटली : २,९३,३१,८६,२५,६००. गंमत म्हणजे हिलाच २३ ने गुणलं की यादीतली शेवटची, आपली तेरा आकडी संख्या मिळते.

याच कामावर मार्च १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना बी. ए. दिली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पण तब्येत ढासळत गेली. १९१९ मध्ये परत आले आणि २६ एप्रिल १९२० ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. युद्धकाळात पैशांच्या अडचणीमुळे पेपरचा काही भाग छापायचा राहिला होता. तो निघाला थेट १९९७ मध्ये.

रामानुजनना सगळं देवीने स्वप्नात सांगितलं, असं ऐकतच आपण मोठे होतो. ही यादी बघितल्यावर मला वेगळं वाटतं. इतके आकडे कोणी स्वप्नात तपासत नाही. विषय राहिला की मित्र हमखास रामानुजनचं नाव सांगून धीर देतात. द्यावा, पण सोबत ही यादीही दाखवावी. नापास झाल्यावर हा माणूस किती काम करत होता, ते त्यात दिसतं.