प्रबंध परत आला तेव्हा...

परीक्षा जवळ आली की आपल्या वस्त्यांत मुलांना बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासाची आठवण करून दिली जाते. तासांचा आकडा सर्वांना पाठ आहे. त्या तासांत ते काय करीत होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. हा आकडा मुद्दाम देतो. कारण साठ टक्के पडले म्हणून घरात तोंड लपवून बसलेली आपली पोरे मी पाहतो. संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. १९१२ साली बी.ए. झाले.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि परीक्षेचा प्रकारच बदलला. आता स्वतः शोधून, स्वतः लिहून, विद्वानांपुढे मांडायचे होते. १९१५ साली एम.ए. पदरात पडली. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. वर्गापुरता लिहिलेला हा निबंध पुढच्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आणि आपल्याकडे असाइनमेंट म्हणजे मित्राच्या वहीवरून उतरवून काढायचे कागद! (एलएल.बी.चे काही पेपर मीही गाईडवरच काढले, हे कबूल करतो.)

पुढे लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पै-पै साठवली, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, तेव्हा कुठे १९२० साली पुन्हा बोट गाठता आली. १९२१ साली एम.एस्सी. झाली, १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टरी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी विद्यापीठाला सादर केला.

तो प्रबंध मंजूर झाला नाही. मार्च १९२३ मध्ये प्रा. कॅनन यांनी त्यांना बोलावून घेतले आणि परीक्षकांना मांडणी मान्य नसल्याने तो पुन्हा लिहावा लागेल, असे कळले. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर त्यात कडक टीका होती. साम्राज्याच्या राजधानीत बसून हे लिहायला केवढी छाती लागली असेल? पण त्या वेळी खिशात काय होते? लंडनमध्ये थांबून दुरुस्ती करण्याइतके पैसे उरलेले नव्हते.

त्यांनी सामान बांधले आणि मुंबई गाठली. इकडे संसार, वकिलीची सनद आणि फीची तजवीज अशा सगळ्या विवंचना होत्या. त्यातच बसून प्रबंध नव्याने लिहिला. मांडणी बदलली, भाषा बदलली. निष्कर्षाला हात लावला नाही. परीक्षक नाराज झाला म्हणून जे खरे वाटते ते खोडायचे नाही, आणि मांडणीत उणीव दाखवली म्हणून रुसून बसायचेही नाही, अशी त्यांची रीत होती. कोर्टात दावा दुरुस्तीसाठी परत आला की वकिलालाही हेच करावे लागते.

ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा लंडनला गेला. या वेळी तो मंजूर झाला आणि १९२३ सालीच पी. एस. किंग अँड सन या प्रकाशकाने तो ग्रंथरूपाने काढला. प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली, काही मुद्द्यांवर आपला मतभेद नोंदवून. ग्रंथ अर्पण केला होता तो आई-वडिलांच्या स्मृतीस.