एडविन होम्स: घरातली घंटा शहरापर्यंत नेणारा माणूस (आणि वायर्ड, वायरलेस की हायब्रिड या प्रश्नाचं उत्तर)

होम्स म्हटलं की आपल्याला शेरलॉक आठवतो. तो कादंबरीतला. चोरांची झोप खरोखर उडवली ती अमेरिकेतल्या दुसऱ्याच एका होम्सने. त्याचं नाव एडविन होम्स, जन्म १८२०, मृत्यू १९०१. घरासाठी चोरीचा अलार्म घ्यायचाय, वायर्ड घेऊ, वायरलेस घेऊ की हायब्रिड, असं मला बरेच जण विचारतात. त्यांना मी आधी या माणसाचं आयुष्य सांगतो. आज आपल्याला पडणारे बहुतेक प्रश्न त्याला दीडशे वर्षांपूर्वीच पडले होते आणि त्यांची उत्तरं शोधण्यात त्याने स्वतःचा पैसा घातला होता.

घंटा त्याने शोधली नव्हती

विजेवर चालणाऱ्या अलार्मचं पेटंट २१ जून १८५३ रोजी ऑगस्टस पोप या माणसाला मिळालं. पोप बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावात चर्चचा धर्मोपदेशक होता. त्याची रचना साधी होती. दारं-खिडक्यांवर विजेचे संपर्क बसवलेले, एका बॅटरीला जोडलेले. दार उघडलं की सर्किट पूर्ण व्हायचं, चुंबक हातोडीला हलवायचा आणि घंटा वाजायची. यातली हुशारी अशी की चोराने घाबरून दार पुन्हा लावलं तरी घंटा थांबत नसे. दाराच्या वर बसवलेली स्प्रिंग वीजप्रवाह चालूच ठेवायची. आजच्या अलार्मलाही पिन टाकल्याशिवाय गप्प करता येत नाही, ती हीच कल्पना.

१८५७ मध्ये होम्सने पोपकडून या पेटंटचे हक्क विकत घेतले. पुढच्याच वर्षी पोप वारला. होम्सच्या हातात आता एक चालणारी वस्तू होती, पण ती कोणाला हवी आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पहिली अडचण: वायर

होम्सने अलार्मची यंत्रं बॉस्टनच्या कोर्ट स्ट्रीटवरच्या चार्ल्स विल्यम्स यांच्या कारखान्यात बनवून घेतली. पुढे ग्रॅहम बेल आणि वॉटसन यांनी टेलिफोनवर काम केलं तो हाच कारखाना. यंत्र झालं, पण घरभर फिरवायला इन्सुलेशन असलेली तार हवी, आणि ती तेव्हा आजच्यासारखी दुकानात मिळत नसे. मग होम्सने बायकांच्या घेरदार झग्यांसाठी तारेवर दोरा विणणाऱ्या कारागिरांना गाठलं. त्यांच्याकडून तांब्याच्या तारेवर तसाच दोरा विणून घेतला, वर रंग दिला, आणि झाली इन्सुलेटेड वायर.

वायर्ड सिस्टिमचा खरा खर्च आजही इथेच आहे. सेन्सर स्वस्त असतो, वायर ओढणं महाग पडतं. घराचं बांधकाम चालू असेल तर प्लास्टरच्या आधी पाइप टाकून घेतले की काम सोपं. पण रंगरंगोटी झालेल्या घरात एक तर भिंत फोडा, नाहीतर पट्टी फिटिंग करा. पट्टी दिसते आणि घरच्यांना खुपते. मात्र वायर एकदा नीट बसली की त्या सेन्सरची बॅटरी बदलायची कटकट नाही, आणि आरसीसीच्या जाड भिंतीतून सिग्नल जाईल का ही काळजीही नाही.

दुसरी अडचण: विश्वास

१८५९ मध्ये होम्स न्यूयॉर्कला गेला. मोठं शहर, श्रीमंत घरं, चोरही भरपूर. पण तिथल्या लोकांना हे पटेचना की खालची खिडकी उघडली तर वरच्या खोलीत घंटा कशी काय वाजेल! घरात विजेचा दिवासुद्धा नसलेला तो काळ. मग होम्स दारं-खिडक्या असलेलं एक छोटंसं नमुना-घर घेऊन गिऱ्हाइकांकडे जाऊ लागला. खिडकी उघडायची, घंटा वाजवून दाखवायची. ज्यांनी अलार्म बसवला त्यांचे अभिप्राय छापून तो वाटायचा. धंदा हळूहळूच उभा राहिला.

मला यातून एक गोष्ट फार पटली. अलार्म घेताना डेमो दुकानात बघू नका, आपल्या घरात मागा. विशेषतः वायरलेस असेल तर. सेन्सर सर्वांत लांबच्या खोलीत ठेवा, मधली सगळी दारं लावा आणि मग पॅनेलला सिग्नल मिळतो का ते बघा. डब्यावर छापलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते.

तिसरी अडचण: घंटा वाजली, पण ऐकणार कोण?

होम्सचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. घरात माणसं असतील तर घंटा ऐकून ती उठतील. पण रात्री बंद असलेली बँक, सराफाची पेढी? तिथे घंटा ऐकायला कोणीच नसतं. म्हणून होम्सने १८७० च्या दशकात तारा दुकानाबाहेर काढल्या आणि शहरातल्या एका ऑफिसात आणल्या. तिथे रात्रभर माणूस बसायचा. कुठल्या ओळीवर इशारा आला ते बघायचा आणि लगेच माणसं पाठवायचा. यालाच आज आपण मॉनिटरिंग म्हणतो.

पुढची गंमत टेलिफोनची. बॉस्टनचं काम होम्सचा मुलगा बघत होता. बँकांपर्यंत आपल्या तारा आधीच गेल्या आहेत आणि दिवसा त्या रिकाम्याच असतात, हे त्याच्या लक्षात आलं. १८७७ मध्ये त्याच तारांवर टेलिफोन जोडले गेले. दिवसा बोलणं, रात्री अलार्म. टेलिफोन एक्स्चेंजच्या इतिहासातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. पुढच्या वर्षी, १८७८ मध्ये, वडील होम्स न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष झाला. थोड्याच काळात तो टेलिफोनमधून बाहेर पडला, पण अलार्मचा धंदा त्याने सोडला नाही.

चौथा प्रश्न: तार कापली तर?

पोपच्या रचनेत एक मोठी गोम होती. दार उघडल्यावर सर्किट पूर्ण होतं, म्हणजे एरवी तारेतून वीज वाहतच नाही. चोराने आधीच तार कापली तर घंटा मुकी, आणि घरमालकाला पत्ताही नाही. पुढे अलार्मवाल्यांनी उलटी पद्धत धरली: तारेतून सतत थोडी वीज वाहू द्यायची आणि ती थांबली की घंटा वाजवायची. आजच्या वायर्ड पॅनेलमध्ये हेच चालतं. ओळीच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर बसवतात. त्यामुळे तार कापली तरी कळतं आणि दोन तारा जोडून फसवलं तरी कळतं. फक्त हा रेझिस्टर सेन्सरच्या टोकाला बसवून घ्या. काही फिटर घाईत तो पॅनेलमध्येच लावतात, मग मधली तार जोडून फसवली तर पॅनेलला पत्ता लागत नाही.

वायरलेसमध्ये तार नाही, म्हणून कापण्याचा प्रश्न नाही, असं वाटतं. पण बॅटरी संपलेला सेन्सर आणि कापलेली तार यांत फरक काय? दोन्ही गप्पच. चांगल्या सिस्टिममध्ये सेन्सर ठरावीक वेळाने पॅनेलला हजेरी देतो. हजेरी चुकली की पॅनेल कळवतं. अगदी स्वस्त किटमध्ये सेन्सर फक्त दार उघडल्यावर बोलतो, एरवी तो जिवंत आहे की मेला हे कळायला मार्ग नसतो. तसंच कोणी मुद्दाम रेडिओ सिग्नल जाम केला तर पॅनेलला ते ओळखता येतं का, हेही विचारा.

मग कोणी काय घ्यावं?

बांधकाम किंवा मोठं रिनोव्हेशन चालू असेल तर वायर्ड घ्या. भाड्याचा फ्लॅट असेल, किंवा भिंतींना हात लावायचा नसेल, तर हजेरी देणारं वायरलेस घ्या, आणि बॅटरी बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरात जुनं वायरिंग चांगलं असेल आणि वर एखादी खोली किंवा गच्ची वाढली असेल, तर हायब्रिड पॅनेल घ्या. जुन्या ओळी तशाच ठेवा, नव्या जागी वायरलेस सेन्सर लावा. होम्सच्या मुलानेही आहे ती तार टाकून दिली नव्हती, तिच्याकडून आणखी काम करून घेतलं होतं.

माझे आई-बाबा आता वर्षातले चार-पाच महिने बहिणीकडे असतात आणि त्यांचं नाशिकचं बैठं घर तेवढे दिवस कुलूपबंद असतं. तळमजल्यावर जुनं वायरिंग आहे, वरची खोली नंतर बांधलेली. म्हणून आम्ही हायब्रिड ठरवलं. पण चर्चा सर्वांत जास्त झाली ती कुणाला फोन जावा यावर. पॅनेलला वायफायसोबत सिम कार्ड घेतलं, कारण लाइट गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की ॲपही बंद. पॅनेलची स्वतःची बॅकअप बॅटरी तपासून घेतली. इशारा पहिला मला येतो, पण मी पुण्यात. म्हणून दुसरा नंबर समोरच्या काकांचा, आणि तिसरा गल्लीतल्याच एका भाच्याचा. दोघांनाही आधी विचारलं, किल्ली कुठे आहे ते सांगितलं, आणि एकट्याने आत जायचं नाही, आधी पोलिसांना ११२ वर फोन करायचा, हेही ठरवलं. आईला हे ऐकूनच निम्मी काळजी मिटली.

तुम्हीही दुकानात जाण्याआधी घरी बसून एका कागदावर तीन ओळी लिहा: सेन्सर बंद पडला तर मला कळेल का? लाइट आणि इंटरनेट दोन्ही गेले तर इशारा बाहेर कसा जाईल? आणि रात्री दोन वाजता तो कोण उचलेल? तिसऱ्या ओळीपुढे एका माणसाचं नाव लिहिता येत नसेल, तर आधी ते नाव शोधा, मग पॅनेल.