रॉबर्ट कापा

रॉबर्ट कापा (जन्मनाव: एंद्रे एर्नो फ्रीडमन, २२ ऑक्टोबर १९१३, बुडापेस्ट – २५ मे १९५४, थाय बिन्ह प्रांत, व्हिएतनाम) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन युद्धछायाचित्रकार होते. स्पेनचे यादवी युद्ध, चीन-जपान युद्ध, दुसरे महायुद्ध, १९४८ चे अरब-इस्रायल युद्ध आणि पहिले इंडोचीन युद्ध अशा पाच युद्धांचे त्यांनी चित्रण केले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॅग्नम फोटोज’ या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेचे ते प्रमुख प्रवर्तक होते. छायाचित्राचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) नियतकालिकाकडे न जाता छायाचित्रकाराकडेच राहावा आणि प्रत्येक नव्या वापराचे मानधन त्याला मिळावे, हे तत्त्व या संस्थेने व्यवहारात रुजवले.

सुरुवातीचे जीवन

कापा यांचा जन्म बुडापेस्टमधील एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे आईवडील कपडे शिवण्याचा व्यवसाय करत. विद्यार्थिदशेत डाव्या चळवळीशी संबंध आल्याने त्यांना अटक झाली आणि १९३१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना हंगेरी सोडावी लागली. ते बर्लिनला गेले आणि तेथे पत्रकारितेचे शिक्षण घेऊ लागले. मात्र जागतिक मंदीमुळे आईवडिलांचा व्यवसाय खालावला आणि घरून येणारे पैसे थांबले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी ‘डेफोट’ या छायाचित्र पुरवणाऱ्या संस्थेत पडेल ते काम आणि डार्करूममधील मदतनिसाचे काम पत्करले.

याच संस्थेने नोव्हेंबर १९३२ मध्ये त्यांना लिओन ट्रॉट्स्की यांच्या भाषणाची छायाचित्रे घेण्यासाठी कोपनहेगनला पाठवले. लहान लायका कॅमेऱ्याने व्यासपीठाजवळून टिपलेली ती छायाचित्रे बर्लिनच्या एका सचित्र नियतकालिकाने पानभर छापली. हे त्यांचे पहिले महत्त्वाचे प्रकाशित काम होय. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर त्यांनी बर्लिन सोडले आणि व्हिएन्नामार्गे ते पॅरिसला पोहोचले.

‘रॉबर्ट कापा’ या नावाचा जन्म

पॅरिसमध्ये त्यांची ओळख डेव्हिड सेमूर (‘शिम’) आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकारांशी झाली. १९३४ मध्ये त्यांना गेर्टा पोहोरिल या जर्मनीतून आलेल्या ज्यू तरुणी भेटल्या. त्या पुढे ‘अलायन्स फोटो’ या संस्थेत काम करू लागल्या. छायाचित्रांची विक्री, दर आणि संपादकांशी होणारा व्यवहार यांची माहिती त्यांना तेथे मिळाली.

त्या काळी निर्वासित छायाचित्रकाराच्या कामाला फारच कमी मोबदला मिळे. दर संपादक ठरवत आणि अनोळखी परदेशी तरुणाला घासाघीस करण्यास वाव नसे. यावर उपाय म्हणून १९३६ मध्ये या दोघांनी ‘रॉबर्ट कापा’ नावाचा एक श्रीमंत, यशस्वी अमेरिकन छायाचित्रकार कल्पनेने निर्माण केला. फ्रीडमन हे त्याचे मदतनीस आणि गेर्टा या त्याच्या प्रतिनिधी आहेत, असे संपादकांना सांगण्यात येई. हा छायाचित्रकार कमी दरात काम देत नाही, असे भासवून नेहमीपेक्षा अधिक मानधन मागितले जाई. ही बतावणी लवकरच उघडकीस आली. तरीही फ्रीडमन यांनी ते नाव कायम ठेवले, तर गेर्टा यांनी ‘गेर्डा टारो’ हे नाव घेतले.

स्पेनचे यादवी युद्ध

ऑगस्ट १९३६ मध्ये कापा व टारो स्पेनला गेले. ५ सप्टेंबर १९३६ रोजी घेतलेले, गोळी लागून कोसळणाऱ्या प्रजासत्ताकवादी सैनिकाचे छायाचित्र फ्रान्समधील ‘व्ह्यू’ या साप्ताहिकात त्याच महिन्यात प्रसिद्ध झाले. जुलै १९३७ मध्ये ते अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकात छापले गेले आणि कापा यांचे नाव सर्वत्र पोहोचले. हे छायाचित्र खऱ्या चकमकीत टिपलेले आहे की रचून घेतलेले, याबद्दल १९७० च्या दशकापासून वाद आहे. ते सेरो मुरियानो येथे घेतल्याचे दीर्घकाळ मानले जाई. पुढील संशोधनात मात्र पार्श्वभूमीतील डोंगररांगांवरून हे ठिकाण एस्पेहो गावाजवळचे असल्याचे दिसून आले.

या काळात दोघांची छायाचित्रे कधी एकत्रित नावाने, तर कधी केवळ कापा यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे टारो स्वतंत्र नावाचा शिक्का वापरू लागल्या. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईतून माघार घेताना रणगाड्याच्या धडकेने त्या गंभीर जखमी झाल्या आणि २६ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. श्रेयनोंदीतील या सरमिसळीमुळे त्यांचे बरेचसे काम अनेक दशके कापा यांच्या नावावर राहिले.

दुसरे महायुद्ध

१९३८ मध्ये कापा यांनी चीनमध्ये जपानी आक्रमणाचे चित्रण केले. १९३९ मध्ये ते न्यू यॉर्कला स्थलांतरित झाले. महायुद्धात त्यांनी प्रथम ‘कोलिअर्स’ आणि १९४३ पासून ‘लाइफ’ या साप्ताहिकासाठी काम केले. उत्तर आफ्रिका, सिसिली आणि इटलीतील मोहिमांनंतर ६ जून १९४४ रोजी ते अमेरिकन सैन्याच्या तुकडीबरोबर नॉर्मंडीतील ओमाहा किनाऱ्यावर उतरले. त्यांची ओमाहावरील मोजकीच छायाचित्रे उपलब्ध आहेत. ‘लाइफ’ने ती १९ जून १९४४ च्या अंकात प्रसिद्ध केली. उरलेली छायाचित्रे लंडनच्या डार्करूममधील चुकीमुळे नष्ट झाली, असे सांगितले जात असे. अलीकडच्या संशोधकांनी या हकिकतीबद्दल शंका व्यक्त केल्या आहेत.

१९४६ मध्ये कापा यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. युद्धातील अनुभवांवर आधारित ‘स्लाइटली आउट ऑफ फोकस’ हे त्यांचे पुस्तक १९४७ मध्ये प्रकाशित झाले.

मॅग्नम फोटोजची स्थापना

महायुद्धाच्या काळात सचित्र साप्ताहिके अत्यंत प्रभावी झाली होती. त्यांच्या पगारी छायाचित्रकारांना नियमित वेतन, प्रवासखर्च आणि साहित्य मिळे. मात्र निगेटिव्ह आणि हक्क नियतकालिकाकडे राहत. मुक्त छायाचित्रकाराची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. नियतकालिकाने सोपवलेल्या कामाचे हक्क, वेगळा करार नसल्यास, काम सोपवणाऱ्याचेच मानण्याकडे अमेरिकेतील न्यायालयांचा कल होता. त्यामुळे एकदा रक्कम मिळाली की तेच छायाचित्र पुढे कितीही वेळा छापले गेले, तरी ते घेणाऱ्याला काही मिळत नसे. छायाचित्र कसे कापावे आणि त्याखाली कोणता मजकूर द्यावा, हेही संपादकच ठरवत.

स्पेनच्या युद्धापासूनच कापा छायाचित्रकारांच्या स्वतःच्या संस्थेची कल्पना मित्रांपुढे मांडत होते. १९४७ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील उपाहारगृहात झालेल्या बैठकीत तिला मूर्त रूप मिळाले आणि त्याच वर्षी संस्थेची नोंदणी झाली. कापा, कार्तिए-ब्रेसाँ, सेमूर, जॉर्ज रॉजर आणि विल्यम व्हँडिव्हर्ट हे संस्थापक छायाचित्रकार होते. त्यांपैकी कार्तिए-ब्रेसाँ, सेमूर आणि रॉजर हे या बैठकीला उपस्थित नव्हते. रीटा व्हँडिव्हर्ट यांनी न्यू यॉर्कचे, तर मारिया आइसनर यांनी पॅरिसचे कार्यालय सांभाळले.

कार्यपद्धती

मॅग्नमची मालकी सदस्य छायाचित्रकारांकडे होती. संस्था मानधनातील ठरावीक हिस्सा घेई आणि त्यातून कार्यालयाचा खर्च चाले. नियतकालिकाला छायाचित्र विकले जात नसे, तर ते ठरावीक वापरासाठी दिले जाई. एखाद्या अमेरिकन साप्ताहिकाने पहिल्या प्रकाशनाचा हक्क घेतला, तरी तीच छायाचित्रमालिका फ्रान्स, ब्रिटन किंवा इटलीतील नियतकालिकांना स्वतंत्र मानधन घेऊन देता येई. निगेटिव्ह छायाचित्रकाराच्या मालकीचे राहत आणि छायाचित्राच्या प्रतीमागे छायाचित्रकाराचे व संस्थेचे नाव असे. एकाच कामातून अनेकदा उत्पन्न मिळू लागल्याने नियतकालिकाच्या मागणीची वाट न पाहता स्वतः निवडलेल्या विषयावर महिनोन्‌महिने काम करणे सदस्यांना शक्य झाले.

सदस्यांनी कामाची क्षेत्रेही वाटून घेतली. सेमूर यांच्याकडे युरोप, रॉजर यांच्याकडे आफ्रिका व मध्यपूर्व, कार्तिए-ब्रेसाँ यांच्याकडे भारत व पूर्व आशिया, तर व्हँडिव्हर्ट यांच्याकडे अमेरिका होती. कापा गरजेनुसार कोठेही जात.

या विभागणीमुळे कार्तिए-ब्रेसाँ भारतात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही वेळ आधी, त्यांनी दिल्लीत महात्मा गांधींची भेट घेतली आणि नंतर अंत्ययात्रेचे चित्रण केले. ही छायाचित्रे मॅग्नममार्फत जगभर वितरित झाली आणि त्यांचे हक्क कार्तिए-ब्रेसाँ यांच्याकडे राहिले. याउलट, मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये घेतलेले चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे प्रसिद्ध छायाचित्र त्या ‘लाइफ’च्या पगारी छायाचित्रकार असल्याने त्या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे झाले.

आर्थिक अडचणी

मॅग्नमची सुरुवातीची वर्षे ओढाताणीची होती. १९४८ मध्ये व्हँडिव्हर्ट दांपत्य संस्थेतून बाहेर पडले. १९४७ मध्ये लेखक जॉन स्टाइनबेक यांच्यासह केलेल्या सोव्हिएत संघाच्या दौऱ्यातील कापा यांची छायाचित्रे आणि विविध देशांतील शेतकरी कुटुंबांवरील मालिका ‘लेडीज होम जर्नल’ या अमेरिकन मासिकाने घेतली. या कामांचा संस्थेला मोठा आधार मिळाला. १९४९ मध्ये एर्न्स्ट हास यांनी ‘लाइफ’ची पगारी नोकरी नाकारून मॅग्नमचे सदस्यत्व स्वीकारले. वेर्नर बिशॉफ हेही त्याच वर्षी संस्थेत आले.

सदस्यांना मात्र त्यांचे पैसे नेहमी वेळेवर मिळत नसत. नियतकालिकांकडून येणारी रक्कम कापा अनेकदा कार्यालय चालवण्यासाठी किंवा दुसऱ्या सदस्याच्या प्रवासासाठी वापरत. आपले जमा झालेले मानधन न विचारता खर्च झाल्याचा अनुभव कार्तिए-ब्रेसाँ यांनी पुढे सांगितला आहे. कापा यांना जुगार आणि घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता. छायाचित्रकाराला त्याचे मानधन मिळवून देण्यासाठी उभारलेल्या संस्थेतच ते अडकून राहावे, ही विसंगती सदस्यांमधील नाराजीचे कारण ठरली. तथापि संस्था टिकली, याचे श्रेय कामे मिळवण्याच्या कापा यांच्या हातोटीला त्याच सहकाऱ्यांनी दिले.

१९५३ मध्ये कम्युनिस्ट संबंधांच्या संशयावरून अमेरिकन सरकारने त्यांचे पारपत्र काही काळ रोखून धरले. त्यामुळे त्यांना परदेशी कामे घेता येईनात आणि त्यांची आर्थिक स्थिती अधिकच बिकट झाली.

मृत्यू

१९५४ मध्ये कापा एका जपानी वृत्तपत्रसमूहाच्या निमंत्रणावरून जपानला गेले होते. तेथे असताना ‘लाइफ’ने त्यांना इंडोचीनमधील आपल्या छायाचित्रकाराच्या जागी सुमारे महिनाभर काम करण्याविषयी विचारले. युद्धाचे चित्रण पुन्हा करायचे नाही, असे ते काही वर्षांपासून सांगत होते. तरीही त्यांनी हे काम स्वीकारले. त्यामागे पैशाची निकड हे एक कारण असल्याचे चरित्रकार मानतात. २५ मे १९५४ रोजी थाय बिन्हच्या वाटेवर फ्रेंच सैन्याच्या तुकडीबरोबर जात असताना, पुढील सैनिकांचे छायाचित्र घेण्यासाठी ते रस्ता सोडून शेतात उतरले आणि त्यांचा पाय भूसुरुंगावर पडला. मृत्युसमयी ते ४० वर्षांचे होते. बिशॉफ यांचा पेरूमध्ये अपघाती मृत्यू होऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते.

वारसा

कापा यांच्या नावाचे सुवर्णपदक १९५५ पासून धाडसी छायाचित्र-पत्रकारितेसाठी दिले जाते. त्यांचे धाकटे बंधू व छायाचित्रकार कॉर्नेल कापा यांनी १९७४ मध्ये न्यू यॉर्क येथे आंतरराष्ट्रीय छायाचित्रण केंद्राची स्थापना केली. कापा, टारो आणि सेमूर यांच्या स्पेनमधील सुमारे ४,५०० निगेटिव्हचा हरवलेला संग्रह २००७ मध्ये मेक्सिकोतून या केंद्राकडे आला. तो ‘मेक्सिकन सूटकेस’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या अभ्यासातून कापा यांच्या नावावर असलेली काही छायाचित्रे टारो यांची असल्याचे स्पष्ट झाले.

अमेरिकेतील १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याने, लेखी करार नसल्यास मुक्त छायाचित्रकाराच्या कामाचा हक्क सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहील, अशी तरतूद केली. ज्या गोष्टीसाठी मॅग्नमच्या सदस्यांना प्रत्येक नियतकालिकाशी स्वतंत्रपणे झगडावे लागत असे, तिला यामुळे कायद्याचा आधार मिळाला. मॅग्नम आजही सदस्यांच्या मालकीची संस्था म्हणून कार्यरत आहे.