पंतप्रधानपदाच्या उंबरठ्यावर यशवंतराव

तत्कालीन परभणी जिल्ह्यातील हिंगोलीसह मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. देवराष्ट्रे येथे १९१३ मध्ये जन्मलेल्या या नेत्याने १९६२ पासून केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र खाती सांभाळली.

जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारविरुद्ध विरोधी पक्षनेते या नात्याने त्यांनीच अविश्वास ठराव मांडला. सरकार कोसळल्यावर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी त्यांना सरकार स्थापनेसाठी पाचारण केले. मात्र १९७८ मध्ये दुभंगलेल्या काँग्रेसच्या बळावर बहुमत जुळले नाही. अनुभवापेक्षा संख्याबळ निर्णायक ठरले. चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.