कै. दादासाहेब फाळके यांची रंगविद्या

कर्जत स्थानकात गाडीस जादा इंजिने जोडली जातात आणि ती बोरघाट चढू लागते. ह्या वाटेने आमचे बहुतेक विद्यार्थी कधी ना कधी लोणावळ्यास गेले असतील. परंतु घाटमाथ्यावरील त्या मुलखात एके काळी रंगीत चित्रे छापण्याची विद्या नांदत होती, हे थोड्यांसच ठाऊक असेल. ती विद्या हस्तगत करणारे एक गृहस्थ पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून प्रसिद्धीस आले. कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांविषयी सर्वत्र लिहिले जाते. आम्हांस त्यांच्या रंगविद्येविषयी थोडे अधिक सांगावयाचे आहे.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. इ. स. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला व छायाचित्रण यांचा अभ्यास केला. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा मांडला, तोच प्लेगने त्यांची पत्नी व अपत्य हिरावून नेले. पुढे त्यांनी पुनर्विवाह केला. १९०३ साली पुराणवस्तुसंशोधन खात्यात नोकरी धरली व काही वर्षांनी ती सोडून दिली.

चित्रकार राजा रविवर्मा यांचा छापखाना त्या वेळी लोणावळ्याजवळ मळवली येथे होता. देवादिकांची जी रंगीत चित्रे आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी भिंतीवर असत, त्यांपैकी पुष्कळ तेथूनच आलेली. ती शिळेवर छापीत. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा. एकावर एक रंग चढवीत जावयाचे, आणि एखादी शिळा केसभर सरकली तरी देवीचे ओठ गालावर जावयाचे! ह्या छापखान्यासाठी छायाचित्रावरून शिळेवर आकृती उतरविण्याचे काम फाळके यांनी केले. नंतर १९०८ च्या सुमारास भांडवलदार भागीदारांच्या साह्याने त्यांनी लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला व तो पुढे दादरला नेला. १९०९ साली ते रंगीत छपाईची यंत्रे आणावयास जर्मनीस गेले.

तिरंगी छपाईचे मर्म असे की, एकाच चित्राची तीन छायाचित्रे घ्यावयाची. एक तांबड्या, एक हिरव्या व एक निळ्या काचेतून. त्यांवरून तीन ठसे तयार करून ते अनुक्रमे निळसर, गुलाबी-तांबड्या व पिवळ्या शाईने एकावर एक उमटवावयाचे. प्रत्येक ठसा बारीक ठिपक्यांचा असतो. एखाद्या रंगीत मासिकाच्या पानावर भिंग धरून पाहा, ठिपके स्पष्ट दिसतील. आता हातोहाती झालेल्या मोबाइलमधील कॅमेऱ्याचेही मर्म हेच होय. अमेरिकेतील कोडॅक कंपनीचे शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट मिळविलेल्या रचनेत प्रकाश टिपणाऱ्या प्रत्येक सूक्ष्म घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसविलेली असते. मनुष्याच्या डोळ्यास हिरव्यातील बारकावे अधिक कळतात म्हणून निम्मी घरे हिरवी. प्रत्येक घरास एकच रंग कळतो. उरलेले दोन शेजारच्या घरांवरून गणिताने काढले जातात.

इतकी विद्या साधल्यावर भागीदारांशी बेबनाव झाला, आणि फाळके रिकाम्या हातांनी बाहेर पडले. चाळिशीतला गृहस्थ, घरात बायको-मुले, आणि धंदा नाही. अशा स्थितीत १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर प्रभूचे चरित्र चालले असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहिले. हे ऐकून काही बांधवांना अवघडल्यासारखे होते. आम्हांस होत नाही. चित्र मन लावून पाहणाऱ्यासच असे सुचते.

त्यानंतर त्यांनी चित्रपट पाहण्याचा ध्यास घेतला, तो इतका की डोळे बिघडून काही काळ दिसेनासे झाले. उपचाराने दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना दिवसेंदिवस टिपले. पडद्यावर ते क्षणांत वाढले. फितीच्या कडांस भोके पाडणे, ती अंधारात धुणे, शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाक, हे पत्नी सरस्वतीबाईंनी केले. त्यांचे नाव मागे राहते, हे आम्हांस बरे वाटत नाही.

'राजा हरिश्चंद्र'च्या चित्रीकरणास मंडळी वांगणीस गेली. कर्जतहून कल्याणकडे जाताना नेरळ, शेलू गेले की हे स्थानक लागते. ढाली-तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांस ते दरोडेखोर वाटले. पाटलांनी फौजदारास कळविले व सर्वांना अटक झाली. फाळके धावत आले, समजावू लागले, पण व्यर्थ. शेवटी फीत न घालताच कॅमेरा फिरवून त्यांनी एक प्रवेश करून दाखविला, तेव्हा सुटका झाली. ह्या चित्रीकरणाच्या काळातच रोहिदासाचे काम करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र खडकावर पडून बेशुद्ध झाला. प्रथमोपचारानंतर त्याच स्थितीत रोहिदासाच्या मृत्यूचा प्रवेश घेण्यात आला, असे सांगतात. ही गोष्ट वाचताना पालक म्हणून आमचे मन थरारते. तिची वाहवा आमच्याने करवत नाही.

सुमारे ३७०० फूट लांबीचा तो मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. फुटास सोळा चित्रे, म्हणजे जवळजवळ साठ हजार चित्रे, सारी रंगावाचून. रंगांचे तीन ठसे जुळविणाऱ्या हातांनी ती काढली होती. पुढे 'लंकादहन' (१९१७), 'कालियामर्दन' (१९१९) असे अनेक मूकपट त्यांनी केले. त्यांचा एकमेव बोलपट 'गंगावतरण' १९३७ साली आला. त्याच सुमारास अर्देशीर इराणी यांच्या 'किसान कन्या'ने भारतात तयार झालेला रंगीत चित्रपट लोकांस दाखविला. 'गंगावतरण' मात्र काळ्या-पांढऱ्यातच होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांनी देह ठेवला.