अंगणात बसलेली शाळा

परवा दुपारी आमच्या मागच्या आळीतल्या वहिनी फाइल छातीशी धरून घरी आल्या. पाणी प्यायल्या आणि फाइल माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, ताई, आता तुम्हीच बघा, माझं डोकं चालत नाही. त्यांचं पाळणाघर तुम्ही पाहिलं नसेल, पण तुमच्याही गावात असं एखादं असणारच. दोन खोल्या, मागे पडवी, एक पाळणा, दोन झोळ्या आणि आठ-नऊ पोरं. कुणाची आई दवाखान्यात आया आहे, कुणाची भाजी विकते, एक बँकेत कारकून आहे. वहिनींनी आपणहून ठरवलं की हे काम रीतसर करायचं, परवाना घ्यायचा. तिथून त्यांचे हाल सुरू झाले.

एका टेबलावर सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे सांगितलं, घर राहण्यासाठी आहे, धंद्यासाठी नाही, आधी वापर बदलून आणा. तिसरीकडे आगीचा दाखला, वेगळं प्रवेशद्वार, मुलांसाठी स्वतंत्र खोली, घरमालकाची आणि शेजाऱ्यांची ना हरकत. चार महिने झाले. या चार महिन्यांत वहिनींना एकानेही विचारलं नाही की बाई, दूध कसं तापवता, एका वेळी किती मुलं सांभाळता, एखाद्याला ताप आला तर काय करता?

नियम नकोत असं माझं म्हणणं मुळीच नाही. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. अंगावर काटा आला होता. नियम हवेतच. पण नियमाने नेमकं काय बघायचं? खोलीची लांबी-रुंदी की मूल उचलणारा हात? वहिनी गेल्यावर याचाच विचार करत बसले आणि मला ताराबाई मोडक आठवल्या. कारण हाच पेच त्यांच्यापुढे ऐंशी वर्षांपूर्वी पडला होता. फरक इतकाच की त्यांना अडवणारे नियम कुठल्या कचेरीचे नव्हते. ते त्यांनी स्वतःच मनापासून पाळलेले होते.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईतला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजातले, सुधारक विचारांचे. त्या काळात मुलीला शिकवायचं म्हणजे नातेवाइकांची बोलणी खायची तयारी ठेवायची. पण या घराला त्याची सवय होती. ताराबाई 1914 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. आपल्या आज्या-पणज्या तेव्हा काय करत होत्या ते आठवून पाहा, म्हणजे हे केवढं होतं ते कळेल.

पुढे त्यांचं लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालं. बाहेरून सगळं चांगलं होतं, बंगला, माणसं, मान. पण संसार टिकला नाही. 1921 च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या, तेव्हा पदरात लहान मुलगी होती. त्या काळात बाईने नवऱ्यापासून वेगळं होणं आणि आपल्या कमाईवर मूल वाढवणं याला किती धैर्य लागलं असेल! याबद्दल फार लिहिलं जात नाही, पण मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बालशिक्षणाकडे वळलेली ही बाई आधी स्वतः नोकरी करणारी एकटी आई होती. मूल घरी ठेवून कामावर जाणं म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. जागा मानाची, पगार चांगला. पण 1923 मध्ये ती सोडून त्या भावनगरला गेल्या. तिथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका लहान मुलांचं बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. मुलांमध्ये इतके रमले की लोक त्यांना मिशाळ आई म्हणायला लागले. न मारता, न ओरडता, मुलाला हाताने करू देऊन शिकवायचं, ही इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांनी गुजरातेत आणली होती. ताराबाई तिथे सुमारे नऊ वर्षं राहिल्या. 1926 मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला, शिक्षणपत्रिका सुरू केली. ताराबाई गुजरातीत लिहू लागल्या, पुढे मराठीतही पत्रिका चालवली. मुलाला धपाटा घालू नये, जबरदस्तीने भरवू नये, त्याला भुताची भीती दाखवू नये, या आज आपल्याला साध्या वाटणाऱ्या गोष्टी घराघरात पोचवायला या दोघांनी जिवाचं रान केलं.

नंतर त्या मुंबईला परतल्या आणि 1936 मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. तिथे मुलांबरोबर शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. सगळं शिस्तीत होतं. मोजून मापून बनवलेली लाकडी साधनं, दट्ट्यांच्या पेट्या, रंगीत मनोरे, मण्यांच्या माळा, मुलांच्या उंचीची कपाटं, स्वच्छ हवेशीर खोली आणि शिकलेली शिक्षिका. माँटेसरी शाळा म्हणायची तर एवढं हवंच, असा तेव्हाचा दंडक होता. ताराबाईही तसंच मानत होत्या. आणि मुलं कुणाची यायची? दादरच्या मध्यमवर्गाची. दुसरी येणार तरी कशी!

गांधीजींचं या बाबतीत वेगळं मत होतं. ही पद्धत चांगली असली तरी गरिबाच्या खेड्यात ती परवडली पाहिजे, नाहीतर देशाला तिचा काय उपयोग, असं ते मांडत असत. ताराबाईंच्या मनात हे घर करून राहिलं. दादरमध्ये जम बसलेला, नाव झालेलं, वय 53. या वयात आपण गुडघ्याला तेल चोळत सुनेची वाट बघायला लागतो. ताराबाईंनी 1945 मध्ये सामान बांधलं आणि त्या बोर्डीला गेल्या.

बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव, आज ते पालघर जिल्ह्यात येतं. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई मोरगावच्या, बालपणीच विधवा झालेल्या, शिक्षिका. त्या थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या आणि जन्मभर राहिल्या. दोघींची जोडी गुरु-शिष्येची होती, पण मला ती सासू-सुनेपेक्षाही घट्ट वाटते. आता सासू-सुनेची उपमा कशाला, असं काही जणी म्हणतील. पण एका घरचा वसा दुसरीने उचलायचा, हे आपल्याकडे त्याच नात्यात दिसतं ना!

बोर्डीत आधी गावात एक मध्यवर्ती बालवाडी निघाली, शहरातल्यासारखीच. गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. वस्तीवरची, पाड्यावरची मुलं मात्र येईनात. का येईनात? आई पहाटे मजुरीला गेलेली. पोराला अंघोळ घालून, केस विंचरून, धड कपडे घालून वेळेवर पाठवणार कोण? कपडे होते कुठे? वरच्या आळीत जायला बुजायचं ते वेगळंच. म्हणजे दार उघडं होतं, पाटी लावलेली होती, फी नव्हती, तरी ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं ती मुलं बाहेरच राहिली.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. आपणही कितीदा असं म्हणून मोकळ्या होतो! ताराबाईंनी ठरवलं की मुलं शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे जाईल. शिक्षिका वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी सारवलेल्या अंगणात मुलं गोळा केली. आधी तोंड-हात धुणं, अंघोळ, नखं, केस. मग गाणी, गोष्टी, खेळ. म्हणून नाव पडलं अंगणवाडी. आज हा शब्द भारतभर बोलला जातो. त्याचा जन्म या बोर्डीच्या अंगणातला.

साधनांचं काय? ती विकत आणायची म्हटली तर एकही अंगण भरलं नसतं. समुद्रावर शंख-शिंपले होते, रानात बिया, पानं, काड्या, बांबू, ओढ्यात गोटे, पायाखाली माती. मोठं-लहान, हलकं-जड, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून शिकवता येतं. जे काम मापातल्या लाकडी ठोकळ्यांनी व्हायचं, ते चिंचोक्यांनी होऊ लागलं. शुद्ध माँटेसरीवाल्यांना हे रुचणं कठीणच होतं. ताराबाईंनी ज्या पद्धतीवर निम्मं आयुष्य घालवलं, तिचेच नियम त्यांनी मोडले होते. स्वतःच्या हाताने घातलेली घडी मोडायला कचेरीशी भांडण्यापेक्षा जास्त बळ लागतं, असं मला वाटतं.

पुढे हे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेलं. तिथे आणखी एक गाठ सुटायची होती. आठ-दहा वर्षांच्या मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटं भावंडं असे. आई रानात, बाप मजुरीवर, मग घरचं पाळणाघर म्हणजे ही मुलगी! ती शाळेत आली तर तान्ह्याला कोण बघणार? म्हणून कोसबाडला विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. ताईने धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण वर्गात जाऊन बसायचं. इतकी साधी गोष्ट! पण त्यासाठी तीन वेगवेगळ्या कामांकडे एकाच घराची अडचण म्हणून बघावं लागतं. जी मुलं दिवसभर गुरं राखायची त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. गुरं चरताहेत, झाडाखाली मुलं बसली आहेत. कुठला नियम त्या शाळेला मान्यता देणार होता!

यावरून कुणाला वाटेल, ताराबाई सगळं चालवून घेणाऱ्या होत्या. तसं नव्हतं. भिंती सोडल्या, साधनं सोडली, गणवेश सोडला, पण एक गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. मुलांपाशी बसणारी बाई शिकलेली पाहिजे. डिग्रीने नव्हे, कामाने. बोर्डी-कोसबाडला बालसेविका तयार करण्याचे वर्ग त्यांनी चालवले. मूल का रडतं, खोटं का बोलतं, किती झोपलं पाहिजे, कुठलं खेळणं कुठल्या वयाला, हे सगळं तिथे शिकवलं जाई. मुलावर हात उगारणं तर त्यांना खपतच नसे. माझ्या मते खारघरसारख्या प्रकाराला तोड आहे ती ही. आगीच्या दाखल्याने आग टळेल कदाचित, मारणारा हात टळत नाही.

1962 मध्ये सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. 31 ऑगस्ट 1973 ला त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. ताराबाईंना ते बघायला मिळालं नाही. अनुताईंनी मात्र कोसबाडची टेकडी 1992 पर्यंत, आपल्या मरणापर्यंत सोडली नाही.

पाळणाघराचा भाग मात्र मागे पडला. अंगणवाडी काही तास भरते, आईचं काम दिवसभराचं असतं. 2017 च्या कायद्याने पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, चांगलंच झालं. पण आमच्या तालुक्यात अशी ठिकाणं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. भाजीवालीचा मालक कोण आणि तिचं पाळणाघर कुठे? 2022 पासून पाळणा नावाच्या योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरं काढायचं ठरलं, म्हणजे विकासवाडीचीच वाट. ती आमच्या आळीपर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर या बायांची मुलं वहिनींच्याच झोळीत झोपणार.

वहिनींची फाइल मी पूर्ण वाचली. घरपट्टीची पावती, भाडेकरार, जागेचा नकाशा, प्रतिज्ञापत्र, सगळं आहे. आमच्या महिला मंडळाच्या बायकांनी मिळून एक वेगळा कागद तयार केला. वहिनींनी बालवाडी शिक्षिकेचा वर्ग केला आहे, एका वेळी नऊपेक्षा जास्त मुलं घेत नाहीत, पाणी उकळून देतात, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर आहे, स्वयंपाकघराला आडवी फळी आहे, पालक कुठल्याही वेळी न सांगता आत येऊ शकतात. खाली अकरा आयांच्या सह्या आहेत, दोन अंगठे आहेत. हा कागद कुठल्या रकान्यात बसतो ते आम्हाला माहीत नाही. तो फाइलमध्ये सगळ्यात वर लावला आहे. सोमवारी वहिनींबरोबर आम्ही चौघी जाणार आहोत.